एक जून आणि मगदूम अक्का

मगदूम अक्का चिडल्या की ओळखीच्या माणसालासुद्धा 'पावणं' म्हणायच्या. ज्याच्याबरोबर सकाळी चहा प्यायला, तोच माणूस दुपारपर्यंत परगावचा होऊन जायचा. "काय पावणं, हे तुम्ही लिवलंय व्हय?" असं कानावर आलं की समजायचं, आपल्या प्रोग्रॅमचं आता काही खरं नाही. पुण्याला नोकरी करून परत आलेली, इंग्रजीत भांडणारी भलीभली मंडळी या एका शब्दाला टरकून असायची. मी तर प्रोग्रॅम लिहितच नव्हतो. माझं काम म्हणजे दवाखान्यांतून फिरून नर्सबाईंना आणि काउंटरवरच्या माणसांना आमचं सॉफ्टवेअर शिकवायचं. तरी अधूनमधून मलाही पावणं व्हावं लागायचंच.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथच्या एका कारखान्याच्या माडीवर. खाली लोखंड कातायचे, वर आम्ही दवाखान्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करायचो. पेशंटचं नाव, आजार, औषधं, तपासण्या, सगळं कागदावरून कॉम्प्युटरात. दिवसभर पायाखाली फरशी थरथरायची. बाहेरचं कुणी आलं की विचारायचं, अहो इथं डोकं कसं चालतं? अक्का म्हणायच्या, "खालच्यांनी मशीन बंद केलं की आमाला झोप येती."

घरच्या त्या जयसिंगपूरकडच्या, शेतकरी जैन कुटुंबातल्या. घरात थोरल्या म्हणून अक्का, आणि ऑफिसात कुणालाच दुसरं नाव सुचेना म्हणून इथंही अक्का. आमचे मालक प्रतापराव त्यांच्यापेक्षा वयानं मोठे, तरी तेही अक्काच म्हणायचे. अक्कांचं शिक्षण, लग्न, घरदार हे सगळं मला ठाऊक आहे, पण ते सांगून अक्का कुणाला कळायच्या नाहीत. अक्का कळायच्या संध्याकाळी. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नियम, आणि मीटिंग असो की मंत्री येवो, तो नियम हलायचा नाही. एकदा मुंबईच्या कुठल्याशा बड्या साहेबाबरोबर कॉम्प्युटरवरून मीटिंग चालली होती. खिडकीत ऊन पिवळं झालं. अक्कांनी कॅमेऱ्यासमोरच डबा उघडला. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. मालकांनी डोळे वटारले. अक्का घास मोडत म्हणाल्या, "तुमचं चालू द्या की साहेब. तोंड कामात हाय, कान रिकामंच हायत."

त्याच मीटिंगमध्ये आणखी एक गंमत झाली. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही, पण मुंबईकराला वाटलं. अक्का म्हणाल्या, "ते मी बगतो, परवापर्यंत करतो." साहेब गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, 'करते' म्हणा ना. 'करतो' काय?" अक्कांनी चटणीचं बोट चाटलं आणि म्हणाल्या, "करतो म्हटलं तरी मीच करणार हाय, आन् करते म्हटलं तरी मीच. तुमाला काम पायजे का व्याकरण?" साहेबाला काम पाहिजे होतं.

अक्कांचं काम तपासणीचं. सॉफ्टवेअर दवाखान्यात लावायच्या आधी ते चालतं का, कुठं मार खातं, हे बघून सही करायची. स्वतः उत्तम प्रोग्रॅम लिहायच्या, पण त्यांचा जीव तपासण्यात. आणि तपासताना त्यांची एक वाटणी ठरलेली असायची. प्रोग्रॅममधल्या ज्या दोषाला बाकी सगळं जग बग म्हणतं, त्यात त्या दोन जाती करायच्या. एक चूक, दुसरी लबाडी. "चूक झाली की प्रोग्रॅम आडवा पडतोय," त्या म्हणायच्या. "पडलं की कळतंय, उचलता येतंय. लबाड प्रोग्रॅम पडत न्हाय गा. त्यो हसत हसत खोटं सांगतोय आन् तुमी मान हलवताय." चूक करणाऱ्याला अक्का चहा पाजायच्या. लबाडी सापडली की पावणं.

आता जी लबाडी त्यांना सापडली ती खुद्द मालकांच्या हातची होती, म्हणून ही गोष्ट सांगायची.

आमच्या धंद्यात प्रत्येक माहितीचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात. वजनाचा साचा वेगळा, तारखेचा वेगळा. साच्यात जे बसेल तेच पुढं सगळीकडं जातं. तारखेचा साचा प्रतापरावांनी कंपनी सुरू केली तेव्हा स्वतः लिहिलेला. त्याचं त्यांना केवढं कौतुक! नवीन माणूस कामाला लागला की त्याला तो दाखवायचे, जसं एखादा आपल्या हातानं बांधलेली विहीर दाखवेल. त्यातली खुबी अशी. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नसते. शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर मास्तरांनी सरसकट एक जून लिहून टाकलेला. मग प्रतापरावांनीही तेच केलं. पेशंटनं नुसतं वर्ष सांगितलं, किंवा नुसतं "साठ असंल" म्हटलं, तर साचा आपोआप हिशेब करून एक जून घालायचा. "इथल्या मातीतलं सॉफ्टवेअर आहे हे," मालक म्हणायचे. "अमेरिकेतल्या माणसाला सुचेल का एक जून?" आणि आम्ही सगळे हसायचो. सुचलं नसतं, हे खरंच होतं.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पेशंटना वाढदिवसाचे मेसेज पाठवायचे. शिरोळ तालुक्यात एका ट्रस्टचा दवाखाना आमच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. मी तिथं शिकवायला गेलेलो, आणि नेमका तो दिवस एक जूनचा. सकाळी दारातच एक धोतरवाला म्हातारा हातातला मोबाईल नाचवत उभा.

"हे कुणी धाडलं?"

"आजोबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत," मी म्हटलं.

"ते नातवानं वाचून दावलं. माझा जल्म कवा झाला ते माझ्या आईला ठावं न्हवतं, बापाला ठावं न्हवतं. तुमाला कुणी सांगितलं?"

तेवढ्यात मागून दुसरा म्हातारा आला, तिसरी म्हातारी आली. सगळ्यांचे मोबाईल वाजलेले. पहिला म्हातारा पायरीवर बसून ओरडला, "आरं, आख्ख्या गल्लीचा वाढदिवस हाय आज! केक कुणी आणायचा ते तरी सांगा!" काउंटरवरच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या.

ऑफिसात येऊन मी हा किस्सा नकलेसकट सांगितला. मालक पोट धरून हसले. लेथवाले खालून बघायला आले, काय झालं म्हणून. अक्का एकट्या हसल्या नाहीत. "म्हातारं खरं बोलतंय," एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची ओढून मालकांचा तो साचा वाचायला बसल्या. त्या वाचायला लागल्या की ओठ हलायचे, आणि न पटलेल्या ओळीला 'च्' असा आवाज यायचा. त्या दिवशी तो आवाज फार वेळा आला. मग उठल्या आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये. दार लावायची पद्धत त्यांना नव्हती, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मालक, तुमचा क्लास लबाड हाय."

"अक्का, शुभेच्छांचं बंद करतो. झालं?"

"शुभेच्छा जाऊ देत खड्ड्यात. एक जून मास्तरांनी लिवला तर निदान शाळेचं दार तरी उघडलं. तुमी लिवलाय तो कशापायी? त्या माणसानं सांगितलेलं काय, आन् तुमी पदरचं घातलेलं काय, हे तुमच्या साच्याला सांगता येतंय का?"

"रिकामं ठेवून कसं चालेल? वय कसं काढायचं?"

"साठ असंल म्हणालं तर साठ असंल असंच ठेवा की. दिस ठावं न्हाय तर ठावं न्हाय म्हणा."

मालक हसले. "अक्का, कोल्हापुरात 'ठावं न्हाय' म्हणणारं सॉफ्टवेअर कोण घेईल?"

आता यात मालकांचंही चुकलं नव्हतं. आमच्या गावात 'ठाऊक नाही' हे वाक्य फारसं ऐकू येत नाही. पत्ता विचारून बघा. माहीत असो नसो, आमचा माणूस गाडी थांबवून, हात लांब करून, डावीकडं उजवीकडं असं ठासून सांगेल की तुम्ही बिनघोर भलतीकडं पोचाल. त्यात त्याला फसवायचं नसतं, पावण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं एवढंच त्याच्या मनात असतं. माणुसकी म्हणा हवं तर. अक्कांना हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

"रस्ता चुकला तर मानूस चार चौक हिंडून परत येतंय, मालक," त्या म्हणाल्या. "औषध चुकलं तर कुठनं परत यायचं?"

मालकांनी फोन उचलला. फोन वाजला नव्हता, तरी उचलला.

प्रकरण तिथंच थंडावलं असतं. पण त्या ट्रस्टनं नवीन काम काढलं. त्यांचे गावोगावी छोटे दवाखाने होते, प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या. एकच पेशंट इथं एकदा, तिथं एकदा. या सगळ्या नोंदी एका ठिकाणी आणून, ज्या एकाच माणसाच्या असतील त्या जोडायच्या. नाव सारखं, गाव सारखं, जन्मतारीख सारखी, की सॉफ्टवेअर दोन्ही नोंदी आपोआप एक करणार. मालकांना या कामाचा हुरूप होता. बक्कळ मोठं काम, आणि आमच्यासारख्या माडीवरच्या कंपनीला मिळालेलं. चालवायच्या आधी तपासणीवर अक्कांची सही पाहिजे होती, करारातच तसं होतं.

अक्कांनी नोंदींची नक्कल घेऊन जोडणी चालवून बघितली. सगळं झरझर झालं, कुठं अडलं नाही, लाल अक्षर नाही. मालक मागं उभं राहून म्हणाले, "बघा, कसं लोण्यासारखं चाललंय." अक्का म्हणाल्या, "म्हणूनच भ्या वाटतंय." आणि जोडलेल्या नोंदी डोळ्यांनी वाचत बसल्या. वाचता वाचता आनंदीबाई पाटलांवर थांबल्या.

आनंदीबाई पाटील, एक जून. एका दवाखान्यात लिहिलेलं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, इंजेक्शननं अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता. दुसऱ्या दवाखान्यात लिहिलेलं, अ‍ॅलर्जी नाही. सॉफ्टवेअरनं दोन्ही एक केल्या आणि नंतरची नोंद खरी धरली. अ‍ॅलर्जी गेली. पुसली गेली.

"एकच बाई असंल तर एकीकडं कुणीतरी खोटं लिवलंय," अक्का मला म्हणाल्या. "आन् दोन असतील तर आपण एक बाई मारायला काढलीया. चल."

"कुठं?"

"आनंदीबाईकडं. कुठं म्हणजे काय?"

माझ्या मोटारसायकलवरून गेलो. गावात शिरून पाटलांच्या आनंदीबाई विचारलं तर पोरानं उलट विचारलं, "थोरली का धाकटी?" अक्कांनी मागून माझ्या पाठीत एक बुक्की घातली. दुखलं चांगलंच.

दोघी चुलत जावा. घराच्या पुढच्या सोप्यात लसूण सोलत बसलेल्या. अक्का त्यांच्यासमोर ऐसपैस मांडी घालून बसल्या आणि थोरलीला विचारलं, "मावशी, तुमचा जल्म कवाचा?"

"आई म्हणायची, म्हस व्याली त्या दिवशी मी झालो."

"कंच्या साली?"

"म्हशीला ठावं." दोघी हसल्या. "दवाखान्यात पोरगी लईच मागं लागली, मग म्हटलं, साठ असंल."

धाकटी म्हणाली, "हिनं साठ सांगितलं म्हणून मी बी साठच सांगितलं. हिच्यापरास मोठी कशाला हू?"

"मग थोरली कोण, धाकटी कोण?" मी विचारलं.

"मी लग्नात बारीक दिसत हुतो, म्हणून धाकटी," धाकटी म्हणाली. "खरं कुणाला ठावं?"

नोंदीत मधलं नाव का नव्हतं तेही तिथंच कळलं. मधलं नाव नवऱ्याचं, आणि या दोघी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. काउंटरवर विचारलं तर लाजून गप्प. म्हणजे तो रकाना दोघींचा रिकामा. आणि आमच्या सॉफ्टवेअरनं रिकामं आणि रिकामं सारखं धरलेलं. अक्का हे ऐकून कपाळाला हात लावून हसल्या. परतीच्या वाटेवर मात्र गाडीवर मागं बसून ओरडत होत्या, वाऱ्यामुळं मला अर्धंच ऐकू येत होतं. "मला तुझं ठावं न्हाय, मला तिचं ठावं न्हाय, म्हणून तुमी दोघी एक? ह्ये कुठलं गणित? सांग की! पावणं, सांगा की!"

पावणं म्हटल्यावर मी गाडी हळू केली.

अक्कांनी मग तारखेचा दुसरा साचा लिहिला. त्यात जेवढं सांगितलं तेवढंच राहायचं. वर्ष तर वर्ष, अंदाज तर अंदाज. आणि दोन अर्धवट नोंदी सारख्या आहेत का असं विचारलं, तर तो साचा हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. 'ठाऊक नाही' म्हणायचा, जोडणी थांबवायचा आणि माणसाला विचारायचा. साधी गोष्ट. पण ती मान्य करायची म्हणजे मालकांनी आपली विहीर बुजवायची.

"दर दुसऱ्या म्हातारीला सॉफ्टवेअर थांबलं तर ट्रस्ट आपल्याला दारात उभं करेल का?" मालक चिडले. "पुढच्या आवृत्तीत बघू. आता सही करा."

"सही न्हाय."

"अक्का, एवढ्या लोकांच्या चुली या कामावर आहेत."

"आनंदीबाईची बी एक चूल हाय."

"मग सही करायची नसेल तर घरी बसा!" मालक ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं ओरडताना ऐकलं. मशीनच्या आवाजावर चढून ओरडले. अक्कांनी पेनाचं टोपण लावलं, घड्याळात न बघता खिडकीत बघितलं, आणि डबा उघडून जेवायला बसल्या. मी मनात म्हटलं, बाई, धन्य आहे तुझी.

ट्रस्टच्या दवाखान्यात मालकांनी सगळं दाखवायचा दिवस ठरला. अक्कांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्या एसटीनं आल्या. आम्ही पोचलो तेव्हा पहिल्या रांगेत, पदर खोचून, बसलेल्याच. मालकांचा चेहरा पडला. शेवटी माणूस सभ्य, सगळ्यांसमोर काय बोलणार? त्यांनी पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. ट्रस्टची मंडळी माना डोलावत होती. तपासणीचा विषय निघाला आणि मालक म्हणाले, "ते सगळं पूर्ण झालंय."

अक्का उभ्या राहिल्या. "झालंय. आन् त्यात नापास हाय. माझी सही नसताना पूर्ण झालंय म्हणू नका."

दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरबाई, वयानं अक्कांएवढ्याच, चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"तपासणारा." अक्का पुढं गेल्या, मालकांच्या हातातला माऊस घेतला. घेतला म्हणजे काढूनच घेतला. आनंदीबाई पाटलांची जोडलेली नोंद उघडली. "बाई, ह्या तुमच्या पेशंटला पेनिसिलिन देणार का?"

डॉक्टरबाईंनी वाचलं. "अ‍ॅलर्जी नाही लिहिलंय. गरज पडली तर देईन." मग त्या थांबल्या. गाव वाचलं. पुन्हा नाव वाचलं. "एक मिनिट. कुठल्या आनंदीबाई? त्यांची तर मी स्वतः..." आणि उठून उभ्या राहिल्या. इंजेक्शननं थोरलीचा श्वास कोंडला होता त्या रात्री ड्यूटीवर याच होत्या. "अहो, या दोन बायका आहेत!"

"व्हय. लसूण सोलत बसल्यात," अक्का म्हणाल्या. "आमच्या सॉफ्टवेअरनं एक केल्यात."

मालक मान खाली घालून उभे होते. मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? वाईट मनाचा माणूस नव्हता तो. स्वतः केलेल्या गोष्टीवर त्यांचं प्रेम होतं, आणि त्यांना वाटत होतं की प्रेमानं केलेलं खोटं नसतं.

ट्रस्टनं सांगितलं, अक्कांचा साचा असेल तरच काम. मालकांनी तो झक मारत बसवला. जोडणी थांबत थांबत झाली, काउंटरवरच्या पोरींनी घरोघर फोन करून विचारलं. कंपनीचं काहीही बिघडलं नाही. वाटलं, संपलं. मालकांनी पेढे आणले, अक्कांना म्हणाले, "जिंकलात. आता बसा कामाला."

अक्कांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "आन् बाकीच्या दवाखान्यांचं?"

आमचं जुनं सॉफ्टवेअर आजूबाजूच्या गावांत कितीतरी ठिकाणी चालू होतं. तोच एक जून, आणि एकाच दवाखान्यातल्या दुहेरी नोंदी आपोआप जोडायचा तोच नियम. मालक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना देऊ, 'नवीन सुविधा' म्हणून. अक्का म्हणाल्या, सुविधा कसली, आजच कळवा, चूक हाय म्हणून कळवा. मालक म्हणाले, कुणाची तक्रार आलीय का? अक्का म्हणाल्या, "कशी येईल? मेलेलं मानूस तक्रार घिऊन येतंय व्हय?"

"कंपनीचं नाव जाईल, अक्का."

"नाव जाऊ दे की. नाव परत मिळतंय." पेढा त्यांनी मालकांच्या टेबलावर ठेवला. "तुमी सांगणार न्हाय, तर मी सांगतो."

"मग इथं राहून नाही सांगता यायचं."

"न्हाय राहत," अक्का म्हणाल्या. आपला डबा, चष्म्याची पेटी आणि खुर्चीवरची उशी घेतली आणि जिना उतरल्या. लेथवाल्यांनी मशीन थांबवून विचारलं, "अक्का, लवकर निघालासा?" काय बोलल्या ते वर ऐकू आलं नाही. त्या खुर्चीकडं अजून बघवत नाही. आता तिथं एक हुशार पोरगा बसतो, कुणालाच पावणं म्हणत नाही.

आणि अक्का खरंच सांगत फिरल्या. स्वतःच्या खर्चानं, एसटीनं, गावोगाव. डॉक्टरांसमोर बसायचं, त्यांच्याच कॉम्प्युटरवर त्यांच्याच दोन आनंदीबाई शोधून दाखवायच्या, आणि म्हणायचं, "ह्येच्यात मी बी हुतो, म्हणून सांगायला आलो." कुणी पाणी दिलं, कुणी दारातनं परत लावलं, एकानं विचारलं की दुसऱ्या कंपनीनं पाठवलंय का. पुढं त्या दवाखान्यांतून आम्हाला एकामागून एक फोन यायला लागले. फोन मीच उचलायचो आणि मोठ्यानं, मालकांना ऐकू जाईल असा, सगळं लिहून घ्यायचो. शेवटी मालकांना साचा सगळीकडं बदलावा लागला. पण हे फार नंतर. तोवर अक्का बहिणीकडं, राज्याच्या सीमेपलीकडं राहायला गेल्या होत्या.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते मध्यवर्ती बसस्थानकावर. त्या गारगोटीला निघाल्या होत्या. माझं ते मूळ गाव, तिथल्या डॉक्टरांचा पत्ता मीच दिलेला. मालकांनी आम्हाला बजावलं होतं, अक्कांशी संबंध ठेवायचा नाही. मी म्हटलं, बरं साहेब, आणि गाडी काढून अक्कांना स्टँडवर सोडायला गेलो. गारगोटीची गाडी लागलेली, दारात ही झुंबड. कंडक्टर पायरीवर आडवा उभा.

"जागा न्हाय, जागा न्हाय. मागच्या गाडीनं या."

अक्का खांद्यावरची पिशवी सावरत म्हणाल्या, "बगितलंस का आत?"

"गर्दी दिसंना व्हय तुमाला?"

"गर्दी दिसतीया. जागा बगितलीस का, ह्ये विचारतोय मी. न्हाय बगितलीस तर न्हाय बगितलीस म्हण. जागा न्हाय कशाला म्हणतोस?"

मागची माणसं ओरडायला लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी म्हटलं, "अक्का, जाऊ दे की, दुसरी येईल आता." त्यांनी माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. कंडक्टरला काय वाटलं कुणास ठाऊक, बाजूला झाला. अक्का चढल्या. दार लागलं आणि गाडी हलली.

मागच्या काचेतून दिसलं ते एवढंच. कंडक्टर एकेका बाकड्यापाशी वाकून, माणसं सरकवून, आत बघत चालला होता. आणि अक्का कमरेवर हात ठेवून त्याच्या पाठीशी उभ्या होत्या.